मेंदूवरचं पुस्तक वाचून काहीच बदललं नाही, तर दोष कोणाचा?

तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडते. तुम्ही बँकेत नोकरी करता, सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षेचे पेपर द्यायचे आहेत, आणि संध्याकाळी घरी येऊन पुस्तक उघडलं की मन थाऱ्यावर राहत नाही. म्हणून मेंदूविज्ञानाच्या आधारे स्वतःला बदलायला शिकवणारं एक गाजलेलं पुस्तक तुम्ही मराठी अनुवादात घेतलं आणि त्यातलं सगळं नेटाने केलं. एकवीस दिवस पहाटे उठून परीक्षेत पास झाल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणलं, रविवारी ‘डोपामाइनचा उपवास’ (डोपामाइन हे मेंदूतलं एक रसायन) म्हणून फोन बाजूला ठेवला, डाव्या हाताने दात घासले, उजवा मेंदू जागा व्हावा म्हणून रंगीत नकाशे काढले. बाविसाव्या दिवशी सगळं जैसे थे. आता तुम्ही विचारता की पुस्तक बनावट होतं की तुमच्याच मेंदूत काही कमी आहे, आणि याहून चांगलं पुस्तक कोणतं.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. कामाचा बराचसा काळ न्यूरो-रिहॅबमध्ये, म्हणजे अर्धांगवायू किंवा डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसोबत गेला. ओपीडीत स्पर्धा परीक्षांची आणि खात्यांतर्गत परीक्षांची मुलं-माणसंही सतत येतात. तुम्ही लिहिलंय तेच, अगदी त्याच निराश सुरात, मी त्यांच्याकडून ऐकते. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त टोचलं ते ‘माझ्याच मेंदूत काही कमी आहे का’ हे वाक्य. तेव्हा त्याचं उत्तर आधी: या एकवीस दिवसांवरून तसं काहीही सिद्ध होत नाही.

पुस्तकही सरसकट खोटं नसावं. अशा पुस्तकांत दिलेले प्रयोग बहुतेक वेळा खरोखर झालेले असतात. अडचण पुढच्या पायरीवर येते. प्रयोग एक सांगतो, आणि त्याच्या खाली लिहिलेली सूचना त्या प्रयोगातून निघतच नाही.

मेंदू बदलतो याचा पुरावा म्हणून लंडनच्या टॅक्सीचालकांचा दाखला जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो, तुमच्याही असेल. एलेनॉर मॅग्वायर यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं की या चालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मरण आणि वाटांची ओळख सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. पुढे २०११ मध्ये त्याच प्रयोगशाळेने ७९ शिकाऊ चालकांचा काही वर्षं पाठपुरावा केला. टॅक्सीच्या परवान्यासाठी लंडनच्या मध्यावरच्या चॅरिंग क्रॉसच्या भोवतालच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करून परीक्षा द्यायची, आणि त्याला तीन-चार वर्षं लागतात. त्या ७९ पैकी ३९ जण उत्तीर्ण झाले आणि मेंदूतली वाढ दिसली ती त्यांच्यातच.

यातल्या दोन गोष्टी पुस्तकांतून गाळल्या जातात. पहिली म्हणजे वेळ. तीन-चार वर्षं, मोपेडवरून गल्लीबोळ पालथे घालून. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. हे चालक सगळ्याच बाबतीत हुशार झाले नाहीत. रस्त्यांच्या ज्ञानात ते तरबेज झाले, पण एखादी गुंतागुंतीची आकृती पाहून काही वेळाने आठवणीतून काढायला सांगितल्यावर ते इतरांपेक्षा कमी पडले. मेंदू बदलला, आणि तोही ज्याचा सराव केला नेमक्या त्याच बाबतीत. डाव्या हाताने दात घासण्याचा सराव केला की डाव्या हाताने दात घासणं जमायला लागतं. त्याने बासेलचे, म्हणजे बँकांच्या भांडवलाचे आंतरराष्ट्रीय, नियम लक्षात राहावेत अशी अपेक्षा ठेवायला आधार नाही.

माझ्या कामात हे रोज समोर दिसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. एसटीतून निवृत्त झालेले एक काका होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा हात अधू झालेला. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्यांच्यासमोर कापडाची पट्टी ठेवायची, त्यावर मोठाली बटणं आणि सैल काजं. चांगला डावा हात जाड मोज्यात बंद, कारण तो मोकळा असला की आपसूक पुढे येतो. उजव्या हाताच्या दोन बोटांत बटण धरायचं, काजात घालायचं. अंगठा घसरायचा, बटण निसटायचं, पुन्हा धरायचं. कपाळावर घाम यायचा. कित्येक आठवडे हेच चाललं, तेव्हा कुठे सदऱ्याचं वरचं बटण स्वतःच्या हाताने लागलं. घरातल्यांना वाटलं, आता सहीही जमेल, पेन्शनच्या कामासाठी बँकेत जाता येईल. नाही जमली. सहीचा सराव वेगळा, पेन हातात देऊन, पहिल्यापासून करावा लागला.

चांगला हात बांधून अधू हाताकडून काम करून घेण्याची ही पद्धत एडवर्ड टाउब यांच्या संशोधनातून आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. ज्यांना हा उपचार दिला त्यांचा चांगला हात दोन आठवडे, जागेपणीचा सुमारे नव्वद टक्के वेळ, मोज्यात होता आणि कामाच्या दिवशी सहा-सहा तासांपर्यंत सराव चालायचा. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या हातात ठळक सुधारणा झाली आणि ती वर्षभरानंतरही टिकून होती. याउलट, २००९ च्या एका पाहणीत असं दिसलं की रोजच्या साध्या थेरपीत हाताच्या उपयोगी हालचालीची आवर्तनं एका बैठकीत सरासरी ३२ च्या आसपास भरतात, तर प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूतला बदल नोंदवला गेला त्यांत ती शेकड्यांनी असतात. मेंदूची घडण बदलते हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यावर माझी श्रद्धा आहे असं म्हटलं तरी चालेल. म्हणूनच पहाटेच्या दहा मिनिटांत ती बदलते असं कुणी लिहिलं की मला वाईट वाटतं. मोजा घालून तासन्‌तास बटणं लावणाऱ्या माणसाच्या कष्टांची त्यात किंमतच राहत नाही. पी हळद अन् हो गोरी, असं ते कधीच नसतं.

आता एकवीस दिवसांबद्दल. हा आकडा मेंदूच्या कुठल्याही मोजणीतून आलेला नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान एकवीसेक दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. पुढे सांगोवांगीत ‘निदान’ गळून पडलं, चेहराही गळून पडला आणि उरला तो कुठल्याही सवयीला लागू पडणारा नियम. सवय लागायला प्रत्यक्ष किती दिवस लागतात हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी मोजलं. ९६ जणांनी रोज एका ठरावीक प्रसंगानंतर एक छोटी गोष्ट करायची, बारा आठवडे. ती गोष्ट आपसूक होऊ लागायला लागलेला मधला काळ निघाला ६६ दिवस. पण माणसागणिक तो १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत बदलत होता (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे प्रगतीच्या आलेखावरून काढलेला अंदाज आहेत). पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तुम्ही लिहिलंय की मध्ये दोन दिवस खंड पडला म्हणून पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली होती. त्याची काहीच गरज नव्हती.

डोपामाइनबद्दल एवढंच सांगते. वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामाइनच्या पेशी उद्दीपित होतात. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकडाला कळलं की त्या दिव्यालाच प्रतिसाद देतात, आणि दिवा लागूनही रस आला नाही की त्यांचं काम तेवढ्यापुरतं थंडावतं. म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा हा हिशेब आहे, साचत जाणारं विष नव्हे. डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात तेव्हा पार्किन्सन होतो, पाऊल उचलणं जड जातं. त्याचा उपवास करता येत नाही, करूही नये. रविवारी फोन बाजूला ठेवलात आणि बरं वाटलं असेल तर ते खरं आहे. फोन हाताशी नव्हता म्हणून तो पाहिला गेला नाही. त्यासाठी रसायनाचं नाव घ्यायची गरज नाही.

डाव्या-उजव्या मेंदूचं तर त्याहून थोडक्यात. रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते ज्या कामासाठी, त्यातले रुग्ण असे होते की अपस्मारावरच्या उपचारासाठी त्यांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टाच कापलेला होता. भाषेसारखी काही कामं एका बाजूला जास्त चालतात हे बरोबर. पण युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये १,०११ लोकांचे स्कॅन तपासले, त्यांत ‘डाव्या मेंदूची माणसं’ आणि ‘उजव्या मेंदूची माणसं’ अशी विभागणी आढळली नाही. रंगीत नकाशे काढायला आवडत असतील तर जरूर काढा.

मग शिकल्यासवरलेल्या माणसालाही हे इतकं पटतं का? यावर येल विद्यापीठात डीना वाइसबर्ग यांनी एक सुरेख प्रयोग केला, २००८ साली प्रसिद्ध झाला. माणसाच्या वागण्याची काही स्पष्टीकरणं लोकांना दिली, काही चांगली, काही मुद्दाम फुसकी. काहींना ‘मेंदूच्या स्कॅनमध्ये असं दिसतं की…’ अशी, मुद्द्याशी संबंध नसलेली पुस्ती जोडली. ती पुस्ती लागताच सामान्य वाचकांना फुसकी स्पष्टीकरणंही बरी वाटू लागली. मेंदूविज्ञानाच्या वर्गातले विद्यार्थीही फसले. त्या क्षेत्रातले तज्ज्ञ तेवढे फसले नाहीत. तेव्हा तुम्हाला ते पुस्तक पटलं यात तुमच्या बुद्धीचा काही दोष नाही.

ओपीडीत कुणी असं पुस्तक घेऊन आलं की मी त्यांना एक काम देते. त्यातलं आवडलेलं एक पान घ्या, पेन्सिलीने मेंदूचे सगळे शब्द खोडा: न्यूरॉन, कॉर्टेक्स, अमिग्डाला, डोपामाइन, वायरिंग. मग उरलेलं वाचा. उरतं ते साधारण असं: नीट झोपा, एका वेळी एक काम करा, रोज थोडं करा, मोह नजरेआड ठेवा. हे चुकीचं मुळीच नाही. पण ते करावं की नाही, आणि केलं तर किती फरक पडतो, हे मेंदूच्या चित्रावरून ठरत नाही. तसं करणारी माणसं आणि न करणारी माणसं यांची तुलना करूनच ते ठरतं. आणि खोडल्यावर पानावर काहीच उरलं नाही, तर त्या पानात तुमच्यासाठी काही नव्हतं.

अशी तुलना केली की कधीकधी उलटंच निघतं, आणि तुमच्या पहाटेच्या चित्राबाबत नेमकं तेच झालंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी परीक्षेच्या आधी काही विद्यार्थ्यांना रोज उत्तम गुण मिळाल्याचं चित्र रंगवायला सांगितलं, तर काहींना आपण अभ्यासाला कसे बसतो, टीव्ही कसा बंद करतो, कुठलं पान उघडतो याचं. १९९९ चा हा अभ्यास. दुसऱ्या गटाने जास्त अभ्यास केला आणि त्यांना गुणही जास्त मिळाले. यशाचं चित्र पाहणाऱ्यांना फायदा झाला नाही. तुम्ही एकवीस पहाटा कमी फायद्याचं चित्र पाहत होतात, आणि कष्ट मात्र पुरेपूर घेत होतात.

तुमच्या बाबतीत नेमकं काय अडतंय हे मी इथून सांगू शकत नाही, ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. तुम्ही किती झोपता हे लिहिलेलं नाही. पहाटे पाचला उठायला लागलात, पण रात्री झोपायची वेळ तीच राहिली असेल तर एकवीस दिवस तुम्ही स्वतःची झोप कापत होतात, आणि अपुऱ्या झोपेने लक्ष आणि स्मरण दोन्ही ढासळतात. घोरण्याचा त्रास असेल तर तोही पाहायला हवा. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरी आणि ग्रामीण पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांत ते कमी आढळलं होतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन त्याच रक्तात पाहून होतं. शाळेपासूनच लक्ष टिकत नसेल, वस्तू हरवणं, कामं अर्धवट राहणं हे लहानपणापासून असेल, तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची, तपासणी करावी. हे सगळं नीट असेल आणि बँकेतून रात्री आठला निघून घरी लहान मूल, म्हातारे आईवडील असं असेल, तर प्रश्न मेंदूचा नाही, वेळेचा आणि थकव्याचा आहे. मग तो घरच्यांशी बोलून, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या करून घेऊनच सुटेल.

रक्त आणि झोप ठीक आहे असं धरून, माझ्याकडे आला असतात तर काय सुचवलं असतं ते सांगते. अभ्यासाची पद्धत आधी बदलली असती. बहुतेक जण पुन्हा पुन्हा वाचतात आणि हायलायटर फिरवतात. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की एखादा उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने चित्र पालटतं: पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवतं, आणि वाचून मग पुस्तक बंद करून आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. मेंदूचं एकही चित्र न काढता केलेला प्रयोग, आणि परीक्षार्थीला त्याचा सरळ उपयोग होतो. तुमच्या बीएफएमच्या (बँक फायनान्शियल मॅनेजमेंट) पेपरचंच घ्या. भांडवल पर्याप्ततेचा, म्हणजे जोखमीच्या मानाने बँकेकडे किती भांडवल हवं याचा, भाग वाचला की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा: बासेलची किमान अट ८ टक्के, रिझर्व्ह बँकेची ९, टियर वनमध्ये (मुख्य भांडवल) काय येतं, टियर टूमध्ये (पूरक भांडवल) काय. अडलं तिथे पुस्तक उघडा, तेवढंच पाहा. दोन दिवसांनी तोच कागद कोरा घेऊन पुन्हा, मग आठवड्याने. हे करताना जड जातं, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. ते जड जाणं हीच त्यातली कमाई आहे, तेव्हा त्याला घाबरून पुन्हा वाचण्याकडे वळू नका.

बसण्याची सवय लावायची तर तिला एक खुंटी हवी. ‘रोज अभ्यास करीन’ असं नाही, तर ‘जेवणाची ताटं उचलली की फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावून खिडकीजवळच्या टेबलाशी बसेन’ असं. ‘अमुक झालं की तमुक करीन’ हा साचा पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासला. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र पाहिल्यावर नुसत्या निश्चयापेक्षा तो बराच जास्त उपयोगी ठरला. सुरुवातीला पंचवीस मिनिटं पुरेत. बँकेत क्लोजिंगचे दिवस असतात तेव्हा दहा मिनिटं, एक प्रश्न. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी त्याच खुंटीला पुन्हा सुरू. आणि एकवीस दिवस मोजू नका, परीक्षेपर्यंत आहेत तेवढे आठवडे मोजा.

पुढचं पुस्तक कोणतं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. परीक्षा होईपर्यंत या प्रकारातलं कुठलंच नको, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचताना आपण काहीतरी करतोय असं वाटत राहतं आणि तोच तास बीएफएमचा असतो. नंतर आवड म्हणून जरूर वाचा, मेंदू हा विषय फार सुंदर आहे. तेव्हा फक्त पुस्तकाचं वर्ष पाहा. इच्छाशक्ती हे संपत जाणारं इंधन आहे, ही १९९८ पासून गाजलेली कल्पना २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर तपासली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. त्याआधी छापलेल्या पुस्तकात ही कल्पना ठामपणे लिहिलेली सापडेल, आणि त्यात लेखकाची लबाडी असेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. तुम्ही लिहिलंय, ‘आता कशातच मन लागत नाही.’ हे फक्त अभ्यासापुरतं असेल तर वरचं पुरे आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप किंवा भूक बदलली असेल, स्वतःबद्दल ‘मी निरुपयोगी’ असे विचार येत असतील, तर अभ्यासाचं वेळापत्रक बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच. जवळ कुणी नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना रक्ताचे रिपोर्ट आणि गेल्या दोन आठवड्यांतल्या झोपेच्या-उठण्याच्या वेळा एका कागदावर लिहून न्या, पहिल्याच भेटीत त्यांना त्याचा उपयोग होईल.